रेघ नसलेलं पान

पेन्सिलनं वही टेबलावर ठेवली तेव्हा कुणाचं लक्षच नव्हतं. दादा भाषण वाचून दाखवत होता.

"'तेहेतीस वर्षं. अकरा न्यायाधीश. हजारो निकाल. आणि त्यातल्या एकाही निकालाला टायपिंगची दुरुस्ती लागलेली नाही.' इथे टाळ्या. म्हणून पुढे एक ओळ मोकळी सोडलीय."

"टाळ्यांसाठी जागा सोडलीत?" वहिनीनं विचारलं.

"सोडावी लागते. टाळ्या चालू असताना पुढचं वाचलं की वाया जातं."

खिडकीजवळच्या खुर्चीत अण्णांनी मान वळवली. डोळे गेल्यापासून त्यांचे कान भलतेच तिखट झाले होते. "वही कुणी ठेवली? तारेची आहे."

"मी, अण्णा."

"कधीची?"

"एकोणीस वर्षांपूर्वीची."

दादानं चष्म्यावरून बघितलं. रविवारची दुपार, जेवणं झालेली, चहा अजून यायचा होता. बुधवारी त्याची धाकटी बहीण पेन्सिल निवृत्त होणार होती आणि कोर्टाच्या मोठ्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. घरच्यांतर्फे बोलायचं म्हणून दादा आठ दिवस त्या एका पानावर घासत होता. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप करणारा माणूस. स्वतःचं म्हणून काही लिहायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

त्याचं दुकान कोर्टाच्या दारासमोर. पाटीवर घराण्याचं नाव नाही, नुसतं 'अचूक टायपिंग'. पाटी वडिलांनी, म्हणजे अण्णांनी लावली, दादानं दोनदा रंगवली, पण लोक तिच्यावर विश्वास ठेवायचे ते पेन्सिलमुळे. सात वर्षांची असताना ती कानामागे पेन्सिल खोचून झोपायची, तेव्हापासून घरात ती पेन्सिल. कोर्टात स्टेनोबाई. न्यायाधीश बोलणार, ती शॉर्टहँडमध्ये उतरवून घेणार, संध्याकाळी टाइप करून सहीला ठेवणार.

"दादा, ती ओळ काढ," ती म्हणाली.

"कुठली?"

"टाळ्यांची."

"वेडी आहेस का? त्या ओळीवर तर सगळं भाषण उभं आहे."

"ती खरी नाहीये."

बिस्किटाच्या डब्यात हात घातलेला धाकटा थांबला. त्याला घरात सगळे वकीलच म्हणायचे, अण्णासुद्धा. बहिणीचा आवाज त्यानं ओळखला. लहानपणी 'फुलदाणी मी फोडली' म्हणताना तिचा आवाज असाच सपाट व्हायचा.

"वकील," ती म्हणाली, "तुझी ती लाँड्रीवाली बाई खरं बोलतेय."

* * *

वकिलाला आठवलं. आठवायला काय, तीन रविवारांपूर्वी याच टेबलावर त्यानं तिची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं.

केस सरळ होती. गावातल्या जुन्या गोदामामागे एका बाईची लाँड्री. कपड्यांची हातगाडी बाहेर काढायची तर गोदामाच्या अंगणातून. एकोणीस वर्षांपूर्वी त्या अंगणावरून भांडण कोर्टात गेलं, निकाल लागला, अंगण गोदामवाल्याचं ठरलं. तरी म्हाताऱ्या गोदामवाल्यानं मरेपर्यंत फाटक उघडंच ठेवलं. तो गेल्यावर मुलानं निकालाची नक्कल काढली, वाचली आणि दीड वर्षापूर्वी फाटकाला कुलूप घातलं. बाई गठ्ठे डोक्यावर घेऊन गटाराच्या बोळातून ये-जा करायला लागली, आणि कोर्टात येऊन सांगायला लागली की साहेबांनी मला वाट दिली होती, मी माझ्या कानांनी ऐकलंय. कागदावर तसं एक अक्षर नाही. वकील मुलाच्या बाजूनं उभा होता.

"म्हणे, साहेब माझ्या वाटेचं बोलले आणि मग पाणी प्यायले!" त्यानं तेव्हा सांगितलं होतं. "साक्षीदार थापा मारायला लागला की असं मीठमसाल्याचं घालतो. आता साहेब वर गेले, पाणी प्यायले की नाही कुणाला विचारणार?"

सगळे हसले होते. पेन्सिल हसली नव्हती, पण ती तशीही कमीच हसते.

"शुक्रवारी ती जिन्यात भेटली मला," पेन्सिल आता सांगत होती. "ओळखच नव्हती. म्हणाली, ताई, त्या दिवशी खाली मान घालून लिहीत होता ना, त्या तुम्हीच. मी साहेबांकडे नव्हते बघत, भीती वाटत होती. तुमच्या हाताकडे बघत होते. साहेब माझ्या वाटेचं बोलायला लागले आणि तुम्ही पान उलटलंत."

"मग?" दादा म्हणाला.

"मग घरी आले. वही काढली. निकालाची नक्कल कोर्टातून येतानाच काढली होती. ओळ न् ओळ ताडून बघितली."

तिनं वही उघडली. वकील नको नको म्हणत वाकला. पानांवर तिच्या त्या बारीक वळणदार खुणा, आणि प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ. टाइप करून झालं की त्या पानावर रेघ मारायची, म्हणजे कुठवर आलो ते चुकत नाही. अण्णांनी तिघांनाही याच टेबलावर शिकवलं होतं. वकिलालाही. त्यानं पुढे कायद्याची वाट धरली, पण बोटांत ते होतंच.

एक पान. रेघ. दुसरं पान. रेघ. तिसऱ्या पानावर रेघ नव्हती. चौथ्यावर परत होती.

"हे बघ," तिनं तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे पिवळट, कडक डाग होता. "डिंक. सकाळी साहेबांनी निकाल सांगितला. दुपारी शिपाई नव्हता म्हणून मी समन्सचे लिफाफे चिकटवत बसले. वही शेजारीच होती. संध्याकाळी टाइप करताना दोन पानं एकदम उलटली. आणि नशीब असं की आधीच्या पानाचं वाक्य पुरं झालेलं, पुढच्या पानावर नवं सुरू होणारं. 'बाकी मागण्या नामंजूर.' खटकायला काही नव्हतंच."

"साहेबांनी सही करताना वाचलं नाही?" वहिनी.

"माझं टायपिंग ते वाचायचे नाहीत, वहिनी." पेन्सिलनं वही मिटली. "दुसऱ्या कुणाचं असतं तर वाचलं असतं."

वकिलानं मनातल्या मनात वार, तारीख जुळवली. मंगळवारी सुनावणी. बुधवारी निरोप. ही बया मंगळवारी काय करणार ते त्याला लख्ख दिसलं.

"ताई, थांब. एक एक बघू. ही वही घरी कशी?"

"जुन्या वह्या दर काही वर्षांनी नष्ट करतात. मी घरी आणायचे. वाचनाच्या सरावाला. अण्णा आणायचे तसंच."

"रजिस्टरात काय लिहिलंय?"

"नष्ट."

"आणि खाली सही?"

"माझीच."

"झालं!" त्यानं कपाळावर हात मारला. "एक चूक झाकायला दुसरी नाही, एक चूक सांगायला दुसरी! तुला कळतंय का तू काय बोलतेयस?"

"दोन्ही लिहीन. मोठी आधी, धाकटी नंतर."

"आणि समोरचा वकील काय म्हणेल? म्हणजे मीच! मी म्हणेन की साहेब हे बोलले असतील, पण लगेच मागे घेतलं असेल. म्हणून टाइप केलं नाही."

"मागे घेतलं की मी फुली मारते आणि बाजूला 'रद्द' लिहिते. याच वहीत दोन ठिकाणी आहे. दाखवू?"

वकिलाला राग आला, आणि राग येता येताच भारी वाटलं. पंचवीस वर्षांत इतका तयारीचा साक्षीदार त्याच्यासमोर उभा राहिला नव्हता. सख्खी बहीण, आणि तीही विरुद्ध बाजूची.

* * *

दादा उठून खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. वहिनीनं ओळखलं, आता हा दुकानाचं काढणार.

"पाटी उतरवावी लागेल मला. 'अचूक टायपिंग'! समोरचा तो कॉम्प्युटरवाला पेढे वाटेल. लोक म्हणतील, यांच्या घरातल्या एका पानामुळे एका बाईनं दीड वर्ष गटारातून कपडे वाहिले."

"वाहिलेच ना?" पेन्सिल म्हणाली.

"अगं पण तीन दिवस राहिलेत तुझे! तीन! बुधवारी हार घाल, फोटो काढ, घरी ये. मग पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या महिन्यात निकाल लागलेला असेल. मंगळवारी शेवटचं म्हणणं आहे. विचार याला."

वकिलानं मान हलवली. मग खुर्ची पुढे ओढली. त्याचा आवाज मऊ झाला. हा आवाज वहिनीच्या ओळखीचा होता. भावजी कुणालातरी समजुतीनं घ्यायला लागले की असेच बोलायचे, आणि समोरचा बहुतेक वेळा ऐकायचा.

"ताई, तुला काय हवंय? बाईला वाट मिळावी, एवढंच ना? मी उद्या अशिलाला गाठतो. सांगतो, म्हातारी बाई आहे, सकाळ-संध्याकाळ गाडीपुरतं फाटक उघड. तो माझं मोडणार नाही. बाई खूश, तू सुखानं रिटायर, दादाची पाटी शाबूत. वही जाऊ दे परत कपाटात."

"बघ!" दादा थांबला. "याला म्हणतात डोकं."

खरं सांगायचं तर वहिनीलाही ते पटलं. या घरात येऊन तिला अठ्ठावीस वर्षं झाली होती. आल्या आल्या तिला कळलं की इथे माणसं बोलतात कमी आणि ताडून जास्त बघतात. जेवायला बसलं की एक जण जुनी वही वाचणार, दुसरा चुका काढणार. तिला ती वेटोळी कधीच आली नाहीत. वन्संनी दोनदा शिकवायचा प्रयत्न केला, शेवटी म्हणाल्या, तुम्हाला नाही आलं तेच बरं, कुणीतरी माणसाच्या तोंडाकडे बघणारं हवं घरात.

आता ती वन्संच्या तोंडाकडे बघत होती.

"त्याची मर्जी आहे तोवर उघडं," वन्सं म्हणाल्या. "मर्जी फिरली की बंद. आणि ती बाई खोटारडी ती खोटारडीच राहणार. वकील, तिच्या गल्लीत तिला काय म्हणतात माहितेय? 'साहेब बोलले.' पोरं मागून ओरडतात, साहेब बोलले, साहेब बोलले. आणि ते खरंच बोलले होते."

वकिलानं नजर दुसरीकडे वळवली. ती नक्कल पहिल्यांदा कुणी केली असेल, कुणास ठाऊक.

"मग कोर्टाला सांगणार काय तू?" दादा म्हणाला. "एकोणीस वर्षं झाली. साहेब गेले. आता नव्यानं वाट द्या म्हणणार?"

"नाही." पेन्सिलनं भिंतीकडे बोट केलं. "पुठ्ठ्यावरचं ते म्हणणार."

भिंतीवर अण्णांचा पुठ्ठा होता. पुठ्ठ्यावर टंकलेले चाळीस लॅटिन शब्द. चाळीस वर्षं अण्णांच्या टाइपरायटरसमोर तो लटकत होता, आणि पोरांना पाढ्यांच्या आधी ती स्पेलिंगं पाठ होती. अर्थ कुणालाच माहीत नव्हता. टायपिस्टला अर्थाची गरज काय, अक्षरं बरोबर हवीत, असं अण्णा म्हणायचे.

"एकोणतिसावा," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "नंक प्रो टंक. तीन शब्द, मध्ये दोन जागा."

"त्याचा अर्थ काय पण?" वहिनीनं विचारलं. अठ्ठावीस वर्षं त्या पुठ्ठ्याची धूळ तीच पुसत होती.

"'आत्ता, तेव्हासाठी,'" पेन्सिल म्हणाली. "मला त्याच साहेबांनी सांगितलं. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. मला म्हणाले, अर्थ येतो का याचा? मी म्हटलं, नाही साहेब, स्पेलिंग येतं. इतके हसले! मग समजावून सांगितलं. कोर्टानं एखादी गोष्ट तेव्हाच ठरवलेली असते, पण कोर्टाच्याच चुकीनं नाहीतर उशिरानं ती कागदावर यायची राहते. मग कोर्ट ती आज लिहितं, पण धरायची तेव्हापासून. चूक कोर्टाची, तर तिची शिक्षा दारात आलेल्या माणसाला नको, म्हणून."

"म्हणजे मागच्या तारखेनं काहीही लिहायचं?" दादा.

"मुळीच नाही! त्यावर तर त्यांनी बोट उगारलं होतं. म्हणाले, हे काल बदलायला नाहीये. काल जे घडलं आणि लिहायचं राहिलं, तेवढंच लिहायला आहे. काल घडायला हवं होतं पण घडलं नाही, ते यात बसत नाही. तिथे कितीही वाईट वाटलं तरी हात बांधलेले."

वहिनीच्या डोक्यात काहीतरी जुळलं. "आपल्या थोरलीचा जन्मदाखला आपण तीन वर्षांनी काढला. आठवतं? हे विसरले होते."

"ते आत्ता कशाला?" दादा.

"दाखला तीन वर्षांनी निघाला, म्हणून ती तीन वर्षांनी जन्मली असं नाही ना झालं? ती जन्मलेलीच होती. चांगली धावत होती अंगणात. दाखल्याला आज कळलं एवढंच."

पेन्सिलनं वहिनीकडे बघितलं. तेहेतीस वर्षांत अकरा न्यायाधीशांनी तिला कायदा ऐकवला होता, पण इतका चोख कुणी सांगितला नव्हता, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तसंच," ती म्हणाली. "त्या बाईला वाट द्या असं मी म्हणणार नाही. वाट तिला होतीच. ती लिहायची राहिली, आणि ती माझ्यामुळे राहिली."

वहिनी उठली आणि जाऊन वन्संच्या बाजूच्या खुर्चीत बसली. नवऱ्याच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. दादानं ते पाहिलं.

"घरभेदी," तो पुटपुटला.

"चहा हवाय ना? मग गप बसा."

* * *

वकिलाकडे एक हत्यार उरलं होतं. ते काढताना त्याला बरं वाटत नव्हतं, पण वकील म्हणजे वकील.

"ही वही वाचणार कोण?" तो म्हणाला. "तू सांगशील यात अमुक लिहिलंय. कोर्ट तुझ्यावर कसं विश्वास ठेवेल? लिहिणारी तू, वाचणारी तू. बाहेरच्या स्टेनोला दिली तरी येणार नाही. अर्ध्या खुणा पुस्तकातल्या नाहीत, अण्णांच्या आहेत. ही भाषा जगात चार माणसांना येते, आणि चारही या खोलीत बसलेत."

"बरोबर आहे," पेन्सिल म्हणाली. "म्हणून तू वाच."

तिनं वही टेबलावरून त्याच्याकडे सरकवली.

"मी?"

"तू विरुद्ध बाजूचा. तू वाचलंस तर घरच्यानं सांभाळून घेतलं असं मला वाटणार नाही. पुस्तकातल्या खुणा बाहेरच्या स्टेनोला येतील, अण्णांच्या खुणांची यादी मी शपथेवर जोडेन. पण आधी मला कळायला हवं की मी जे वाचतेय तेच तिथे आहे. दोन रात्री तेच वाचतेय, वकील. आता मलाच भरवसा वाटेना."

"ताई, मी वाचलं की मला कळलं. कळलं की मंगळवारी मला उभं राहता येणार नाही."

"मग नको वाचूस. मंगळवारी न वाचता उभा राहा."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. खरंच तशी मुभा दिली होती. म्हणूनच ते जास्त लागलं. वकिलानं दादाकडे बघितलं. दादानं भाषणाच्या कागदाकडे.

"वकील," अण्णा म्हणाले. "असेल ते वाचायचं. वाटेल ते नाही."

लहानपणी वाचायला बसलं की अण्णा हे रोज म्हणायचे. वकिलाचा हात आपोआप वहीकडे गेला. त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. सुरुवातीला अडखळला. वीस वर्षांत त्यानं या खुणांना हात लावला नव्हता. मग लय सापडली.

"'अंगणाची मालकी गोदामवाल्याची आहे, हे वर ठरलेलं आहे. मात्र... मात्र त्या अंगणातून रस्त्यापर्यंत हातगाडीसह जाण्यायेण्याचा हक्क या बाईंना, आणि त्यांच्यामागे त्यांच्या घरात जे राहतील त्यांना, कायम राहील. मालकाला तो अडवता येणार नाही. बाईंच्या घराला गाडी जाईल अशी दुसरी वाट नाही. ज्या घरातून बाहेर पडता येत नाही, ते घर कोर्टानं कुणाला दिलं असं म्हणता येणार नाही.'"

तो थांबला.

"पुढे?" दादा म्हणाला. येरझाऱ्या कधीच थांबल्या होत्या.

"पुढे एक खूण आहे बाजूला. बारीक. वाक्यातली नाहीये." त्यानं वही खिडकीच्या उजेडात धरली. "ताई, तू मध्ये थांबलीस की असं काय लिहायचीस?"

"साहेब का थांबले ते लिहायचे. म्हणजे पुढचं वाक्य जोडून आहे की नवं, ते कळतं. खोकले तर 'खो'. फाईल बघितली तर 'फा'."

"हे 'पा' आहे."

"पाणी," पेन्सिल म्हणाली. "पाणी प्यायले असतील."

वकिलानं वही हळूच टेबलावर ठेवली. तीन रविवारांपूर्वीचं स्वतःचंच हसणं त्याला ऐकू आलं. मीठमसाला. वाचता न येणारी बाई, एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या खोलीत भीतीनं बसलेली, आणि तिला सगळं जसंच्या तसं आठवत होतं. वाट, पाणी, पान. चुकला होता तो कागद.

"म्हाताऱ्यानंही ऐकलं होतं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "गोदामवाल्यानं. तो त्या दिवशी कोर्टात होता. म्हणून तर मरेपर्यंत फाटक उघडं ठेवलं त्यानं. मला वाटायचं, भला माणूस."

"भलाच की," वहिनी म्हणाली. "कागद न बघता ऐकलेलं पाळलं त्यानं."

वकील उठला. खिडकीपर्यंत गेला, परत आला. "उद्या सकाळी अशिलाकडे जातो. त्याला सांगतो की कोर्टासमोर काय येणार आहे, आणि वकीलपत्र परत देतो. चिडेल. चिडू दे." मग बहिणीकडे बघितलं. "तुझं शपथपत्र कोण लिहिणार?"

"मीच."

"तू लिहू नकोस. तू सांग." त्यानं दादाच्या पुढ्यातला कोरा कागद ओढला आणि हात पुढे केला. "पेन्सिल दे."

तिनं कानामागची काढून दिली.

* * *

तेहेतीस वर्षं ती दुसऱ्यांचं ऐकून लिहीत आली होती. सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. दोन मिनिटं तिला सुरुवातच सुचेना. मग तिनं डोळे मिटले आणि बोलायला लागली, साहेब बोलायचे तशी, सावकाश, वाक्य पुरं करत.

"माझ्या हातून झालेली पहिली चूक अशी. निकाल टाइप करताना माझ्याकडून वहीचं एक पान सुटलं. त्या पानावर साहेबांनी दिलेला वाटेचा हक्क होता. दुसरी चूक. ही वही नष्ट केल्याची नोंद माझ्या सहीनं झाली, प्रत्यक्षात मी ती घरी नेली. दोन्ही चुका माझ्या आहेत. त्या बाईंची यात काहीही चूक नाही. कोर्टानं तेव्हा जे ठरवलं होतं ते आज रेकॉर्डवर घ्यावं, आणि तेव्हापासून धरावं, ही विनंती."

वकिलाची पेन्सिल सरसर चालली होती. हात विसरला नव्हता. बोलून झाल्यावर त्यानं कागद दादाकडे दिला. दादा मशीनवर बसला. घरातलं मशीन जुनं होतं, पण ते त्यानं तेल घालून नीट ठेवलं होतं. तो टाइप करत होता. एका ठिकाणी तो थांबला, पुठ्ठ्याकडे बघितलं नाही, तीन लॅटिन शब्द ठोकले, मध्ये दोन जागा सोडल्या.

"वाच," अण्णा म्हणाले.

दादानं वाचलं. अण्णा बोटानं खुर्चीच्या हातावर एकेक वाक्य मोजत होते. शेवटी त्यांचं बोट थांबलं.

"पेन्सिल."

"हो, अण्णा."

"मी चाळीस वर्षं टाइप केलं. तो शब्द शेकडो वेळा ठोकला असेल. मला वाटायचं, माझ्याकडून कधी काही सुटलं नाही. सुटलं असेलच. मी कधी ताडून बघायला गेलो नाही. तू गेलीस."

पेन्सिलनं नाकावरचा चष्मा उगाच सारखा केला.

दादानं टाइप झालेला कागद मशीनमधून काढला, आणि पन्नास वर्षांच्या सवयीनं पेन्सिल उचलून त्या उघड्या वहीवर रेघ मारायला गेला. टाइप झालं, पान संपलं. बहिणीनं झटकन त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नकोस! तसंच कोर्टात जायला हवं ते."

"अरे हो." दादा ओशाळला. "मग ही रेघ मारायची कधी?"

"आत्ताचे साहेब दुरुस्तीवर सही करतील तेव्हा. परवानगी मागेन. दिली तर मी मारेन."

दादा परत भाषणाकडे वळला. टाळ्यांची ओळ त्यानं खोडली. तिच्या जागी बराच वेळ काहीतरी लिहिलं, खोडलं, लिहिलं. मग वाचून दाखवलं. "'तेहेतीस वर्षांत यांच्या कामाला एकच दुरुस्ती लागली. ती यांनी स्वतः केली.'"

"केली नाही अजून," पेन्सिल म्हणाली. "कोर्ट करेल. मी फक्त अर्ज देतेय."

"बाई, भाषण आहे ते, शपथपत्र नाही!"

"तरीही."

दादानं एक मोठा श्वास सोडला आणि 'केली' खोडून 'मागितली' लिहिलं. पुढची मोकळी ओळ मात्र त्यानं तशीच ठेवली.

"तिथे टाळ्या पडणार नाहीत हं," वकील म्हणाला.

"माहितेय. लोक गप्प बसतील. त्यालाही जागा लागते."

वहिनी चहा घेऊन आली. कप ठेवले, वही आणि शपथपत्र एका मोठ्या लिफाफ्यात घातलं, आणि नेहमीच्या सवयीनं खण उघडून डिंकाची बाटली काढली.

"वहिनी!" पेन्सिल आणि वकील एकदम ओरडले.

वहिनीनं हातातल्या बाटलीकडे बघितलं. मग टेबलावरच्या सगळ्यांकडे. आणि त्या दिवशी पहिल्यांदा अण्णा हसले, इतके की त्यांना ठसका लागला.

"दोरा," ते कसेबसे म्हणाले. "दोरा बांधा गं कुणीतरी."

वहिनीनं बाटली परत खणात टाकली, आणि दोरा शोधायला आत गेली.